घाम गाळणाऱ्यांनी वाफ घ्यावी काय?



आपली मुले शिकली, नोकरीला लागली, नागपूर-पुणे-मुंबईला राहू लागली. सुटी आली की ती गावाकडच्या आईबाबांना दोन दिवस शहरात बोलावतात. दीक्षाभूमीचे दर्शन होते, बाजार होतो, हॉटेलातले जेवण होते. आणि मग एखादी कमावती लेक म्हणते, "आई, आज तुला स्पामध्ये नेते. सौना घे, मालिश करून घे, अंग मोकळे होईल." त्यावर जन्मभर रोवणी आणि विडी वळणे केलेल्या त्या माउलीचे उत्तर ठरलेले असते, "बाई, आयुष्यभर घामच गाळला. आता पैसे देऊन घाम काढू काय?"

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आमच्या मते त्यात एक खरा प्रश्न आहे. वाफेची खोली, गरम पाणी, अंगाला मालिश ही श्रीमंतांची चैन आहे, की कष्टाने थकलेल्या शरीराचा तो हक्क आहे? या वेळी आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

आधी शब्द समजून घेऊ. 'स्पा' हे बेल्जियम देशातल्या एका गावाचे नाव. तिथल्या झऱ्याच्या पाण्यात औषधी गुण आहेत म्हणून लोक तिथे जात, आणि त्या गावाच्या नावावरून जगभरच्या अशा जागांना स्पा म्हणू लागले. 'सौना' हा फिनलंड देशाचा शब्द. लाकडी फळ्यांची बंद खोली, तिच्यात भट्टी, भट्टीवर तापलेले दगड. हवा कोरडी, पण उष्णता ७० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत. मधूनमधून दगडांवर पाण्याचा शिडकावा करतात. 'स्टीम बाथ' वेगळा. त्यात उष्णता ४० ते ५० अंशांच्या आसपासच असते, पण खोली वाफेने गच्च भरलेली असते. दोन्हींत घाम येतो, अंग सैल पडते.

आता कोणी म्हणेल, हे सगळे परदेशी खूळ आहे. तसे मुळीच नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी विनयपिटकातला चुल्लवग्ग उघडून पाहावा. त्यात 'जन्ताघर' नावाच्या वास्तूची सविस्तर माहिती आहे. जन्ताघर म्हणजे अग्नी पेटवून घाम काढण्याची खोली. आजच्या भाषेत सांगायचे तर भिक्खुसंघाचा सौना!

ती हकीकत अशी आहे. वैशालीत लोक संघाला एकामागून एक उत्तमोत्तम भोजने देत होते. ते पक्वान्न खाऊन भिक्खू आजारी पडू लागले. त्या वेळी जीवक कोमारभच्च हा प्रसिद्ध वैद्य काही कामानिमित्त वैशालीला आला होता. त्याने भिक्खूंची अवस्था पाहिली आणि तथागतांकडे जाऊन विनंती केली, की संघाला चंकम, म्हणजे येरझाऱ्या घालण्याची वाट, आणि जन्ताघर या दोन गोष्टींची अनुमती द्यावी. तथागतांनी ती दिली. चालणे आणि घाम काढणे, हा अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याचा सल्ला आजच्या डॉक्टरलाही नाकारता येणार नाही.

पुढचा भाग तर आम्हाला फारच आवडतो. एकेक अडचण येत गेली आणि एकेक सुधारणा होत गेली. पावसाचे पाणी आत शिरू लागले, तेव्हा जोते उंच करण्यास सांगितले. धूर कोंडू लागला, तेव्हा धूर बाहेर जाण्यासाठी नळी, म्हणजे धूमनेत्र, बसवण्यास सांगितले. आगीने तोंड भाजू लागले, तेव्हा तोंडाला ओली माती लावण्यास सांगितले. जमीन चिखलाने भरली, तेव्हा विटा, दगड किंवा लाकडाची फरसबंदी आणि पाणी जायला मोरी करण्यास सांगितले. जमिनीवर बसून अंग खाजू लागले, तेव्हा बसायला चौरंग आले. आंघोळीसारख्या साध्या गोष्टीकडेही धम्माने असे डोळे उघडे ठेवून पाहिले. त्यात ना मंत्र, ना तंत्र. अडचण काय, तिचे कारण काय आणि तिच्यावर उपाय काय, एवढाच विचार.

याच विनयात जन्ताघरात कसे वागावे याचेही नियम आहेत. जो आधी जाईल त्याने राख काढावी, झाडलोट करावी, माती भिजवावी, पाणी भरून ठेवावे. थोरांना खेटून बसू नये. पण त्याचबरोबर धाकट्यांना त्यांच्या जागेवरून उठवू नये. जमत असेल तर वडीलधाऱ्यांचे अंग चोळून द्यावे. जो शेवटी निघेल त्याने चिखल धुवावा, चौरंग जागेवर ठेवावेत, आग विझवावी आणि दार लावून जावे.

वाचकहो, 'धाकट्यांना जागेवरून उठवू नये' हे शब्द पुन्हा एकदा वाचा. संघात थोर-धाकटे जन्मावरून ठरत नव्हते, दीक्षा आधी कोणी घेतली यावरून ठरत होते. उपाली न्हावी शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रजित झाला, म्हणून राजपुत्र त्याला वंदन करीत. राजगृहाच्या रस्त्यावर झाडलोट करणारा सुनीत याच संघात आला आणि थेर झाला. अशांना ज्या स्नानगृहात कोणी उठवू शकत नव्हते, ते स्नानगृह आपल्या परंपरेचे आहे. आणि याच देशात पुढे आपल्या वाडवडिलांना तळ्याच्या पाण्याला हात लावण्याची बंदी झाली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना जे करावे लागले, ते का करावे लागले हे आपल्या घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. म्हणून आमच्या एखाद्या मायबहिणीला गरम पाण्याच्या हौदात निवांत बसावेसे वाटले, तर ती हौस म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. पाण्याचा जो हक्क लढून मिळवला, तो वापरणेही आलेच की!

बुद्धगयेची सहल करून आलेल्या वाचकांना राजगीरचे गरम पाण्याचे झरे आठवत असतील. वैभार टेकडीच्या पायथ्याशी ते आजही वाहतात. पाली ग्रंथांत त्यांना 'तपोदा' म्हटले आहे. तिथली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एकदा राजा बिंबिसार तिथे डोके धुण्यासाठी गेला. पाहतो तो भिक्खू स्नान करीत आहेत. राजा बाजूला थांबून राहिला. भिक्खूंनी अंधार पडेपर्यंत स्नान केले. मग राजाचे स्नान झाले, तोवर नगराचे दरवाजे बंद झाले होते. मगधाच्या राजाला रात्र वेशीबाहेर काढावी लागली!

तथागतांना हे कळले तेव्हा त्यांनी भिक्खूंची कानउघाडणी केली आणि पंधरा दिवसांच्या आत पुन्हा स्नान करू नये असा नियम घातला. पुढे त्याला अपवाद जोडले गेले. उन्हाळ्याचे दिवस, आजारपण, प्रवास, वारा-पाऊस आणि काम. काम करून अंग मळले असेल, घामेजले असेल, तर स्नानाला मोकळीक. म्हणजे स्नानात मर्यादा असावी, दुसऱ्याला ताटकळत ठेवू नये, पण कष्टकऱ्याचे आणि आजाऱ्याचे स्नान अडवू नये. सगळे शहाणपण या नियमात आले.

हा धम्म आपल्या जिल्ह्याला परका नव्हता. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली झालेल्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला. वैनगंगेच्या काठी तेव्हा बुद्धाचे अनुयायी राहत होते. बाहेरच्या देशांत तर धम्माबरोबर स्नानाची सोयही गेली. श्रीलंकेत मिहिंतले येथे नवव्या शतकातल्या विहाराच्या रुग्णालयाचे अवशेष आहेत. तिथे माणसाच्या आकाराची कोरलेली दगडी डोणी आहे. रोग्याला औषधी द्रवात निजवण्यासाठी ती होती. जपानमध्ये बौद्ध विहारांनी गोरगरिबांसाठी आपली स्नानगृहे उघडली. त्या दानाला तिकडे 'सेयोकु' म्हणत. अन्नदान आपण जाणतो, तसे हे स्नानदान.

आणि फिनलंडचे काय? तिथे सुमारे ५५ लाख लोकवस्ती आणि ३० लाखांच्या आसपास सौना आहेत. शेतकऱ्याच्या घरी सौना, कामगारांच्या इमारतीत पाळीपाळीने वापरायचा सौना, पार्लमेंटातही सौना. पूर्वी तिथल्या बायका बाळंतही सौनातच होत, कारण घरातली ती सर्वांत उबदार आणि स्वच्छ जागा. २०२० साली युनेस्कोने फिनलंडच्या सौना संस्कृतीची मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. आमच्या आयाबायांना यात नवल वाटू नये. बाळंतिणीला शेक देणे, शेगडी ठेवणे, निरगुडीचा पाला उकळून त्या पाण्याने अंग धुणे हे आपल्या घरोघरी चालत आले आहे. फरक इतकाच, की त्यांनी त्याला मान दिला आणि आपण त्याला गावठी म्हणू लागलो.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळू. जन्मभर घाम गाळला, मग आणखी घाम कशाला?

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे जातो. त्या उन्हात तेंदूपत्ता तोडणारी बाई, वीटभट्टीवरचा मजूर, पितळेच्या भट्टीजवळचा कारागीर, पोलादाच्या कारखान्यातला कामगार यांचा घाम आणि सौनातला घाम दिसायला सारखाच. पण एक मोठा फरक आहे. सौनाला दार असते आणि ते आपल्या हातात असते. नको वाटले की उठावे, बाहेर यावे, पाणी प्यावे. भट्टीवरच्या माणसाला तसे उठता येत नाही. तिथे पुडके मोजले जाते, विटा मोजल्या जातात, पाळी संपेपर्यंत सुटका नसते. उष्णता तीच, पण एका ठिकाणी ती शरीराला विसावा देते आणि दुसऱ्या ठिकाणी शरीर झिजवते. त्यामुळे कष्टाचा घाम खूप गाळला म्हणून विसाव्याच्या घामाची गरज उरत नाही, असे म्हणता येत नाही. उलट ज्याचे खांदे आणि कंबर जास्त झिजली, त्यालाच ऊब जास्त लागते. दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारीची मान, चिखलात वाकून रोवणी करणारीची कंबर, पोती वाहणाऱ्याचे गुडघे हे सारे उबेने सैल पडते, दुखणे काही वेळ हलके होते, रात्री झोप चांगली लागते. संघातही अंग धरलेल्या भिक्खूंसाठी घाम काढण्याचे उपचार, पाला घालून दिलेली वाफ आणि गरम पाण्याचे हौद यांना अनुमती होती. खुद्द तथागतांना वाताचा त्रास झाला तेव्हा उपवाण भिक्खूने त्यांना गरम पाण्याने स्नान घालून गुळाचे ऊन पाणी दिले होते.

मात्र पाटीवर लिहिलेले सगळेच खरे मानू नका. 'घामावाटे शरीरातले विष निघून जाते' असे सांगतात. शरीरातली घाण काढण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंड आणि यकृत करतात, घाम नव्हे. 'एका बैठकीत वजन कमी' असे सांगतात. कमी होते ते पाणी. दोन पेले पाणी प्यालात की काटा पुन्हा जागेवर. पूर्व फिनलंडमधल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे २० वर्षे लक्ष ठेवून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. पण ते लोक लहानपणापासून सौनात बसणारे, त्यांचे खाणे-राहणे वेगळे. सुटीत एकदा वाफ घेतल्याने हृदय बळकट होते असा याचा अर्थ कोणी काढू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे कोणी करू नये?

पहिले नाव सिकलसेलच्या रुग्णाचे. हा आजार आपल्या पूर्व विदर्भात, आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजातही बराच आहे. अंगातले पाणी कमी झाले, किंवा उष्णतेतून एकदम गारठ्यात गेले, की या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन अडकतात आणि असह्य दुखणे उठते. सौनात नेमक्या याच दोन गोष्टी होतात. घाम जाऊन पाणी कमी होते आणि बाहेर आल्यावर लोक थंड पाणी अंगावर घेतात. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरला विचारल्याशिवाय वाफेच्या खोलीत पाऊल टाकू नये. जो नुसता वाहक आहे, त्यानेही विचारून, भरपूर पाणी पिऊन आणि थोडाच वेळ बसावे. घरातल्या ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांची सरकारी दवाखान्यात करून घ्यावी. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आहे, तिचा लाभ घ्यावा. शहरात सहलीला जाण्याच्या निमित्ताने का होईना, ही तपासणी झाली तर आमचे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.

गरोदर बाई, हृदयविकाराचा रुग्ण, ज्याचा रक्तदाब फार वर-खाली होतो असा माणूस, ताप आलेला, जुलाब झालेला, आणि मधुमेहामुळे पायाला चटका न जाणवणारा यांनीही टाळावे किंवा डॉक्टरला विचारावे. लहान मुलांना नेऊ नये. आणि दारू पिऊन तर अजिबात जाऊ नये. नशेत माणसाला भोवळ कळत नाही, तो आतच झोपतो. फिनलंडमध्ये सौनात जे मृत्यू होतात, त्यांतल्या अनेकांमागे दारू असते. पंचशीलातले पाचवे शील पाळणाऱ्याला हा धोका आपोआप टळतो.

दुसरी सावधगिरी धुराची. थंडीत बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी ठेवतात. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचेही तसेच. शहरात मुलाच्या घरी किंवा लॉजवर गेलात तर गिझर कुठे आहे आणि हवा जायला झरोका आहे की नाही हे आधी पाहा. जन्ताघराला धूमनेत्र हवे हा नियम अडीच हजार वर्षे जुना आहे. आपल्या घराला तो आजही लागू आहे.

ज्यांना काही त्रास नाही, त्यांनी खुशाल जावे. जाण्याआधी दोन पेले पाणी प्यावे. भरल्या पोटी जाऊ नये, उपाशीही जाऊ नये. अंगावरचे दागिने काढून ठेवावेत, धातू तापून चटका बसतो. पहिल्या खेपेला खालच्या फळीवर बसावे, वरची जास्त तापते. पाच ते दहा मिनिटे पुरे. शेजारी आपले माणूस असावे. डोके हलके वाटले की तत्काळ बाहेर यावे, त्यात लाज नाही. बाहेर आल्यावर थोडे बसावे, अंग हळूहळू निवू द्यावे आणि मीठ घातलेली पेज, ताक किंवा लिंबाचे पाणी प्यावे. दिवस थंडीचे निवडावेत. मे महिन्यात आपला जिल्हाच सौना असतो, तेव्हा वेगळे पैसे कशाला मोजायचे?

आत शिरण्याआधी दर विचारा. कोणती गोष्ट दरात आहे आणि कोणती नाही हे विचारा. बाईला मालिश बाईच करील ना, हे विचारा. चकचकीत फरशी आणि इंग्रजी बोलणारी माणसे पाहून बिचकण्याचे कारण नाही. आपण फुकट मागत नाही. पैशाचा मेळ बसत नसेल तर निसर्गोपचाराच्या संस्था आहेत. पुण्याजवळ उरुळीकांचनला १९४६ पासून निसर्गोपचार आश्रम आहे. खुद्द पुण्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था १९८६ पासून आहे. अशा ठिकाणी वाफेच्या स्नानाकडे चैन म्हणून नव्हे, उपचार म्हणून पाहतात.

आणि घरच्या घरीही पुष्कळ होते. जाड वाळू तव्यावर तापवून फडक्यात बांधावी, आधी हाताला लावून पाहावी आणि मग कंबर-खांद्याला शेकावी. संध्याकाळी सोसवेल इतक्या गरम पाण्याच्या घमेल्यात पंधरा मिनिटे पाय सोडून बसावे. पण चुलीवरून उकळते पातेले उचलून चादरीखाली वाफ घेऊ नये. कलंडले तर जन्माचे भाजणे.

एक शेवटचे. स्पात आपले पाय चोळणारी मुलगी बहुधा आपल्यासारख्याच घरातली असते. कितीतरी मुली दूर ईशान्य भारतातून पोटासाठी आलेल्या असतात. दिवसभर दुसऱ्याचे अंग चोळून तिचीही मनगटे दुखत असतील. तिच्याशी अदबीने बोलावे, तिचे नाव विचारावे, निघताना आपला पंचा आपण उचलून ठेवावा. शेवटी निघणाऱ्याने जागा आवरावी, हा नियम आपलाच आहे.

तेव्हा लेकीने बोलावले आणि तब्येत साथ देत असेल, तर त्या माउलीने जरूर जावे. बापानेही जावे. रोवणी संपली, पीक घरात आले, की दोन दिवस अंगाला विसावा द्यावा. कामाने झिजलेल्या शरीराला ऊब मागायचा पहिला अधिकार आहे, आणि तो मागताना आमच्या माणसांनी मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही.

जयभीम.